पापड, कोशिंबीर आणि लोणचं

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं सासूबाई सांगतात. आमच्या सोसायटीतल्या भाटीने मीटरची खोली, जिन्याखालची अडगळ आणि पहिल्या मजल्यावरचा बंद फ्लॅट अशी तीन घरं संपवली आणि चौथं म्हणून आमच्या बाल्कनीतला रद्दीचा खोका पसंत केला. पिल्लांचं दूध तुटलं तशी एके दिवशी ती कंपाउंडच्या भिंतीवरून चालती झाली. उरलेली तीन घरं शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पिल्लंही तीनच. तो की ती, हे काही कळेना. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सोपी खूण सांगितली होती : शेपटीखाली विसर्ग दिसला तर नर, अर्धविराम दिसला तर मादी. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण इतकं वळवळणारं विरामचिन्ह कधी तपासलं नव्हतं. शेवटी मी तिन्ही लिंगांची सोय करून टाकली. काळा-पांढरा, दांडगट तो पापड. तिरंगी ती कोशिंबीर. आणि केशरी, ज्याच्याबद्दल माझं मत दर रविवारी बदलत होतं, ते लोणचं.

ऑपरेशन झाल्याशिवाय पिल्लू कुणाला द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. तो शहाणपणातून आलेला नाही, पिशवीतून आलेला आहे. चार वर्षांपूर्वी एक गोड मनी मी एका चांगल्या शिकल्यासवरल्या घरात दिली. "ऑपरेशनचं करू ना, नक्की करू," असं त्या बाई एका कप चहात तीनदा म्हणाल्या. पण मांजर चार-पाच महिन्यांचं झालं की माजावर येतं आणि त्यानंतर नऊ आठवड्यांत बाळंत होतं. करू-करू म्हणणाऱ्यांना हा वेग झेपत नाही. आठ महिन्यांनी दाराची बेल वाजली. दारात कापडी पिशवी, पिशवीत चार पिल्लं आणि वर, "तुम्हाला आवड आहे ना, म्हणून म्हटलं तुमच्याकडेच आणावीत."

आवड!

तेव्हा या खेपेला आधी लसी, मग ऑपरेशन, मग सासर. डॉक्टरीणबाईंना प्रत्येकाचं वजन दोन किलो हवं होतं. कणीक मोजायच्या काट्यावर पातेलं, पातेल्यात पिल्लू, असा रोज सकाळी कार्यक्रम. पापड कधीच पुढे गेला. कोशिंबीर मात्र १ किलो ९४० ग्रॅमवर आठवडाभर अडून बसली. आमचे हे म्हणाले, "पातेल्यात अजून थोडं पाणी राहिलं असेल तर पुसू नकोस."

ऑपरेशनआधी माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, एवढ्याशा जिवाची साखर उतरते, असं बजावलेलं होतं. पहाटे चारला थोडं खायला द्यायचं आणि मग बंद. मुलाच्या बारावीलाही मी कधी साडेतीनचा गजर लावला नव्हता. सहा वाजता तिघांनी असा गळा काढला की खालच्या मजल्यावरून फोन आला, "कुणी गेलं का?"

दवाखान्यात पेशंटच्या नावापुढे पालकाचं आडनाव लावतात. "लोणचं कुलकर्णी कोण?" असा पुकारा झाला, तेव्हा लॅब्राडॉर घेऊन बसलेले गृहस्थ माझ्याकडे वळून बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी मात्र तीन शेपट्या वर करून तीन सेकंदांत पेपर तपासला. कोशिंबिरीला तर नीट पाहिलंसुद्धा नाही. काळा आणि केशरी दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. केशरी बहुतेक नर असतात, हाही नर. "आणि ही मादी," पापडच्या पाठीवर हात ठेवत त्या म्हणाल्या. "मराठीच्या बाई ना तुम्ही?"

दुपारी तिघं परत मिळाली. भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, हे सांगूनसुद्धा पापडला पाहून माझ्या पोटात गोळा आला. लोणच्याला टाकाच नव्हता. संध्याकाळी सातला ते फ्रिजवर होतं. मुलींचं मात्र पोट भादरलेलं, मधोमध बोटाच्या पेराएवढा टाका आणि दहा दिवस उडी मारायची नाही अशी ताकीद. ती ताकीद मला होती; मुलींनी ऐकली नाही.

सासूबाई काठी टेकत आल्या. १९७६ साली त्यांचंही ऑपरेशन शिबिरात झालं होतं. "यांची नळीच बांधली ना?"

"नाही आई, अंडाशयच काढतात. म्हणजे माज नाही, रात्री-अपरात्री ओरडणं नाही."

"आणि घरी कधी सोडलं?"

"दुपारी."

"मला दोन तासांत टांग्यात बसवलं होतं," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन स्वतःची गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या आणि टॉवेलात गुंडाळून पापडच्या पाठीशी लावली. भूल उतरताना पिल्लं गार पडतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

टाका चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर पापडने पहिल्याच रात्री फाडली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर का कचरत होते, ते मला त्या रात्री कळलं. सकाळी यांनी सासूबाईंच्या गुडघ्याची जुनी एक्सरे फिल्म कापून नवी कॉलर बनवली. पुढचे आठ दिवस पापड खिडकीत उन्हाला बसली की तिच्या मानेभोवती सासूबाईंचा डावा गुडघा स्पष्ट दिसायचा. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत. "बघा, किती झिजलाय."

मग बघायला येणारी मंडळी सुरू झाली. एकांना सोफ्याला शोभेल असं पांढरं हवं होतं. एकांनी "नुसत्या दूधपोळीवर राहील ना?" असं विचारलं, त्यांना मी चहाही दिला नाही. पापड चिंचवडला गेली, कोशिंबीर कर्वेनगरला. पाचवं घर, सहावं घर. भाटीलाही पिंजरा लावून पकडली. ऑपरेशनची खूण म्हणून कानाचं टोक कापलेली ती आता भिंतीवर बसते आणि आम्हाला ओळख देत नाही.

राहिलं लोणचं. व्याकरणाच्या दृष्टीने त्याचंच नाव तेवढं आता पूर्णपणे शुद्ध आहे. वय साडेपाच महिने, रंग केशरी, लसी झालेल्या, ऑपरेशन झालेलं. सातवं घर तुमचं असेल तर रविवारी येऊन बघून जा. येताना पिशवी आणलीत तरी चालेल, फक्त रिकामी आणा.