लाइट उनी ते...

शिंदखेड्याच्या पहिलीतल्या पोराचा संसार मोठा आहे. घरी अहिराणी, शेजारच्या बाकावर भिली, पुस्तकात मराठी, मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये हिंदी आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं, शक्यतो निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, कोडिंग सहावीपासून. म्हणजे घरची भाषा सुटली की कोडिंग सुरू. सोय पाहा! 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, जूनअखेर मागेही घेतला गेला. त्या गदारोळात अहिराणीला कुणी विचारलं नाही. तिला सवय आहे.

न्यूझीलंडचे प्राध्यापक टिम बेल यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवायची पद्धत 1990 च्या दशकात रुजवली. त्यावर पुस्तकं निघाली, जगभर कौतुक झालं. आपल्याकडे तेच काम भारनियमन वर्षानुवर्षं फुकट करतंय, त्याचं कुणाला काही आहे का? शाळेतला संगणक टॉवेलाखाली सुखरूप. चपला बाहेर काढून दर्शन घ्यायचं.

इकडे कपाशीच्या बांधावर आजोबा तिसरीतल्या नातवाला बजावतात, "लाइट उनी ते मोटर चालू कर. विहीर आटनी ते बंद कर. नही ते झोपी जाय." पोरगं रात्री दोनला उठून सगळ्या अटी बिनचूक पाळतं. सकाळी शाळेत पेपर : सीपीयूचं पूर्ण रूप लिहा. दोनपैकी शून्य. वर लाल शाईत शेरा – तर्कशक्ती कमी, पालकांनी लक्ष द्यावे.