पाहुण्यांची कैफियत

ज्या अंदमानात जाण्यासाठी पूर्वी न्यायाधीशाचा हुकूम लागत असे आणि ज्या प्रवासाच्या खर्चाचा संपूर्ण भार इंग्रज सरकार मोठ्या औदार्याने स्वतः उचलीत असे, त्या अंदमानात आता कोणीही सद्गृहस्थ स्वखुशीने, स्वखर्चाने आणि सहकुटुंब जाऊ शकतो, ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु तेथे उतरल्यावर या बेटावरून त्या बेटावर जाण्याचे जे प्रसंग येतात, त्यांत पाहुण्याच्या प्रतिष्ठेची जी हेळसांड होते, तिची दाद आजवर कोणी लावून घेतलेली नाही. सेल्युलर जेलच्या दर्शनाने सद्गदित होऊन बाहेर पडणाऱ्या आणि बाहेर पडताक्षणी ‘उद्याच्या बोटीचे काय झाले?’ असा प्रश्न सहल-व्यवस्थापकाला विचारणाऱ्या समस्त महाराष्ट्रीय मंडळींच्या वतीने ही कैफियत आम्ही येथे रुजू करीत आहोत.

प्रथम सूर्यनारायणाविरुद्ध. श्रीविजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सुमारे दहा अंश पूर्वेस वसलेले असल्यामुळे तेथे घड्याळ आपले आणि सूर्य परका, असा विचित्र मामला झाला आहे. डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास, ज्या वेळी आपल्याकडील सभ्य मनुष्य वामकुक्षी आटोपून चहाची चाहूल घेत असतो, त्या वेळी तेथे दिवस मावळतो. आणि या तोट्याची भरपाई म्हणून जे काही पाहावयाचे ते सारे भल्या पहाटे पाहावे लागते. विश्रांतीसाठी एवढ्या लांब आलेल्या माणसाला साखरझोपेतून उठविण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली प्राप्त होतो, याचा खुलासा झाला पाहिजे.

बोटींचा प्रश्न याहून गहन आहे. ज्याच्या नावावरून एक जनरल २०१८ साली पायउतार झाला आणि ज्याला तिकिटावर स्वराज द्वीप व रिक्षावाल्याच्या तोंडी अजूनही हॅवलॉक म्हणतात, त्या बेटावर जाण्यास खाजगी कंपन्यांच्या वातानुकूलित वेगवान बोटी आहेत. समुद्रदर्शनासाठी भरभक्कम पैसे मोजून आत बसलेला प्रवासी काचबंद दालनात, क्षाराने धुरकटलेल्या तावदानातून समुद्र असावा असा नुसता तर्क करीत बसतो. आणि बंदराबाहेर पडून लाटा आडव्या लागू लागल्या की, समोरच्या खुर्चीच्या पाठीला खोचलेली कागदी पिशवी ही बोटीवरील सर्वांत महत्त्वाची वस्तू ठरते. आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ ती पिशवी तोंडाशी धरूनच, त्याच बेटावरचा अमुक किनारा आशिया खंडात कितवा गणला गेला, याची माहिती पत्नीला देत होते. ज्ञानपिपासेचे असे उदाहरण आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

सरकारी बोट स्वस्त आहे, संथ आहे, आणि तिच्या उघड्या डेकवर उभे राहून वारा खाता येतो. दुर्दैवाने तीत बेटावरची माणसे असतात. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची मुले-नातवंडे, भाजीच्या टोपल्या, कोंबड्यांचे पिंजरे, दुचाकीचे सुटे भाग, मुख्य शहरातील रुग्णालयातून क्ष-किरणाचे भले मोठे पाकीट छातीशी धरून परतणारी एखादी म्हातारी, असा सगळा गाव तीत भरलेला असतो. आणि आश्चर्य असे की, या मंडळींना, ज्यांना तेथे ‘आयलँडर’ म्हणतात, त्यांना तिकिटाचा दर कमी आणि मान अधिक. हेलिकॉप्टरचीही तीच गत: आधी रुग्ण, मग आयलँडर, आणि जागा उरलीच तर आपण. ज्यांनी रजा मंजूर करून घेतली, विमानाची तिकिटे चार महिने आधी काढली, त्यांनी खिडकीशी तिष्ठावे, आणि ज्यांना केवळ औषधोपचारासाठी, परीक्षेसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी जावयाचे आहे त्यांनी पुढे व्हावे, हा न्याय कोणता? आम्ही तर असे सुचवितो की, हंगामाच्या महिन्यांत आयलँडर लोकांनी आजारी पडण्याचे आणि लग्नकार्यांचे बेत पुढे ढकलावेत.

समुद्राला तर कसलीच भीड नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, ऐन हंगामात, वादळी हवेमुळे बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक व नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले. अखेर नौदलाची जहाजे पाठवून त्यांना परत आणण्याचा बंदोबस्त करावा लागला. त्या दिवसांत बेटवासीयांनी दारे-खिडक्या घट्ट लावून, नेहमीप्रमाणे वादळ जाण्याची वाट पाहिली. वेळापत्रक छापलेले असताना समुद्राने खवळावे, ही गोष्ट त्यांना आक्षेपार्ह वाटली नाही, यावरून त्यांची नागरी जाणीव किती अविकसित आहे ते दिसते.

एवढ्या अवहेलनेनंतर एकच मार्ग असा उरतो की, जेथे पाहुण्याची बडदास्त शासकीय इतमामाने ठेवली जाते. तो म्हणजे अंदमान ट्रंक रोड. मध्यरात्र उलटताच उठून, जिरकाटांगच्या नाक्यावर मोटारींच्या रांगेत उभे राहावे, अंधारात टपरीवरचा चहा प्यावा, प्रत्येक प्रवाशाचे नाव असलेला अर्ज पोलिसांकडे द्यावा, आणि मुक्रर वेळी फाटक उघडले की, पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या अशा थाटात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून निघावे. थांबू नये, छायाचित्र काढू नये, खाण्याची वस्तू देऊ नये, असा जाबता नाक्यावर फलकावर लिहिलेला आहे, आणि तो वाचून झाल्यावर मोटारीतील प्रत्येक जण खिडकीकडची जागा पकडतो. विचारले तर सांगतात की, बाराटांगची चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहावयास चाललो आहोत. हा ज्वालामुखी म्हणजे कुंपणातले एक राखाडी डबके असून त्यात अधूनमधून एक बुडबुडा येतो आणि फुटतो. त्या बुडबुड्याच्या ओढीने माणसे निम्म्या रात्री अंथरूण सोडतात, यावर विश्वास ठेवण्याइतके निष्पाप आम्ही राहिलेलो नाही.

जारवांची एकूण संख्या अवघी काही शेकडे. त्यांच्या मुलखातून जाणारा हा रस्ता त्या भागापुरता बंद करावा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला; हुकूम दफ्तरी रुजू झाला आणि मोटारी धावत राहिल्या. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या आमिषाने नाचविल्याची चित्रफीत जगभर गाजली. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावर मज्जाव केला, आणि मार्चमध्ये तो उठला. पुढे बाराटांगला जाण्यासाठी समुद्रावरून पर्यायी मार्गही सुरू करण्यात आला. तो मार्ग सुरेख आहे, फक्त त्यावरून कोणी दिसत नाही, एवढीच त्याची उणीव. आणि ती उणीव एवढी मोठी ठरली की, जिरकाटांगची रांग काही हटली नाही. ज्या बेटांवर आजाऱ्याला आपल्यापुढे नेतात म्हणून आपण रुसतो, तेथे ज्यांनी कोणालाच बोलाविले नाही त्यांच्या अंगणातून मात्र आपल्याला पोलीस संरक्षणात नेतात, याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे आम्हांस प्राप्त आहे.

तथापि एक कलम शिल्लक राहते. पलीकडे मिडल स्ट्रेटला वाहनांच्या तराफ्यापाशी मोटार थांबते तेव्हा काही मंडळी अत्यंत कष्टी चेहऱ्याने खाली उतरतात, आणि ‘एवढे पैसे घेतलेस आणि एकही दाखविला नाहीस’ म्हणून चालकाशी हुज्जत घालू लागतात. चालक बिचारा परतीच्या ताफ्यात बहुधा दिसतील असे आश्वासन देतो. त्या फेरीतही कोणी न दिसल्यास रक्कम परत मिळावी, अशी या मंडळींची रास्त मागणी असून, तिची दाद वन खात्याकडे मागावी, आदिवासी कल्याणाच्या दफ्तरात मागावी की थेट जारवांकडेच मागावी, एवढे सरकारने लेखी कळवावे.