कॅलरी गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही कशाची ना कशाची हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्वी हिंगोलीतले असे गुरुजी नर्सी नामदेवच्या वाटेला लागायचे, नाहीतर प्लॉटिंगच्या. आता तिसरा पंथ निघाला आहे. या पंथातला माणूस दवाखान्यातून शुगरचा रिपोर्ट घेऊन येतो, पोरानं दिलेल्या मोबाईलवर रात्रभर व्हिडिओ बघतो आणि ज्या स्वयंपाकघरात आजवर फक्त चहा मागायला डोकावला होता, तिथे कमरेला टॉवेल गुंडाळून उभा राहतो. गल्लीत त्याला कॅलरी गुरुजी म्हणतात. तोंडावर नुसतं गुरुजी.

सिद्धांत सोपा. बाहेर मिळतं ते सगळं घरी करता येतं, निम्म्या पैशात आणि पाव तेलात. पिझ्झा, बर्गर, मोमो, पास्ता. ही मंडळी हिंगोलीत रुळून फार वर्षं झाली नाहीत, पण गुरुजी त्यांच्याविरुद्ध असे बोलतात की निजामाच्या अमलापासून लढा चालू आहे असं वाटावं. पाहुणा बसला की पाढा सुरू होतो: एक ग्रॅम पीठ, चार कॅलरी, एक ग्रॅम साखर, चार कॅलरी, एक ग्रॅम तेल, नऊ कॅलरी. पाहुण्यानं मागून म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते.

त्यांचं मुख्य शस्त्र ज्वारी. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी झाली, पण ज्वारीच्या बाबतीत गुरुजी अजून परभणीच्याच अखत्यारीत आहेत. तिथल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’, तिच्यातलं जादा लोह, जादा जस्त, हे सगळं ते नातवाची प्रगती सांगावी तसं सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, तेव्हा तर आपल्याला वरून परिपत्रकच आल्यासारखे ते वागू लागले. मैद्याला घरात बंदी झाली. आता खरं सांगायचं तर शंभर ग्रॅम मैदा काय आणि शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ काय, दोन्हींत साडेतीनशेच्या आगेमागेच कॅलरी. फरक तंतूंचा आहे, ज्वारीत ते कितीतरी जास्त. पण हे गुरुजींना सांगायची सोय नाही. त्यांच्या वहीत ज्वारी म्हणजे वजाबाकी.

तर या ज्वारीचा पिझ्झा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ ताणलं जात नाही, तुटतं. व्हिडिओतल्या बाईनं हे सांगितलेलं नसतं. गुरुजी थंड पाण्यात पीठ भिजवतात, लाटतात, उचलतात, आणि महाराष्ट्राच्या नकाशासारखा दिसणारा पिझ्झा ओट्यावरून तव्यावर जाईपर्यंत त्याचे जिल्हे वेगळे होतात. मग दारात उभ्या असलेल्या काकू म्हणतात, “आवं, उकळतं पाणी घाला की पिठात. चाळीस वर्षं भाकर काय मी व्हिडिओ बघून थापायले का?” पीठ उकळत्या पाण्यात मळलं जातं. चिकटायला थोडी कणीक पडते. चव यावी म्हणून कांदा, हिरवी मिरची, तीळ, ओवा. चीज नाही, त्यात फार कॅलरी, वरून दही. तव्यावर खरपूस भाजून ताटात येतं ते बघून सुट्टीला पुण्याहून आलेली नात विचारते, “आबा, हे धपाटं आहे ना?” गुरुजी म्हणतात, “मिलेट पिझ्झा म्हण.” नात म्हणते आणि लोण्याचा गोळा मागते.

बर्गर त्याहून गंभीर. टिक्की सोयाबीनच्या वड्यांची, कारण त्यांत निम्म्याहून जास्त प्रथिनं. आपल्याच जिल्ह्यातलं सोयाबीन क्विंटलनं मोंढ्यात विकायचं आणि तेल काढून उरलेल्या त्याच्या पेंडीच्या वड्या किराणा दुकानातून पाकिटात परत आणायच्या, यात गुरुजींना काही वावगं वाटत नाही. मेयोनीज हे जवळजवळ तेलच, शंभर ग्रॅमला सातशेच्या घरात कॅलरी, म्हणून त्याऐवजी दह्याचा चक्का. इथपर्यंत शाबासकी द्यावी असंच काम आहे. अडचण अशी की बर्गरला चक्का लागतो दोन चमचे आणि गुरुजी टांगतात लिटरभर दुधाच्या दह्याचा. उरलेला वाया कशाला घालवायचा? त्यात साखर, वेलची, जायफळ. श्रीखंडाची नोंद वहीत होत नाही, कारण ते फास्ट फूड नाही.

हळदीचंही तसंच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि गुरुजींचा पास्ता कायमचा पिवळा झाला. हळदीतलं कुरकुमिन अंगी लागायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो. पण गुरुजींचा पास्ता बिनतेलाचा. मानांकित हळद आली तशी निघून जाते.

स्वस्ताईचा हिशोबही ऐकण्यासारखा असतो. तळण वाचावं म्हणून त्यांनी सहा हजारांचा एअर फ्रायर आणला. काकूंनी भाजी निवडता निवडता गणित केलं, “दीडशेच्या भावानं चाळीस लिटर तेल आलं असतं यात. आपल्या दोघांला दोन-अडीच वर्षं सरलं नसतं.” गुरुजींनी काकूंना गणितात कधीच पास केलं नाही. शिवाय एका बर्गरमागे पडणारी सतरा भांडी त्यांच्या हिशोबात येत नाहीत, कारण ती काकू घासतात.

शेजाऱ्यांनी आपापला बंदोबस्त केला आहे. चव बघायला वाटी आली की ज्याला त्याला चतुर्थी असते. आमच्या गल्लीत महिन्याला पाच-सहा तरी पडतात. गुरुजी स्वतः उपवासाला साबुदाण्याची खिचडी खातात, शेंगदाण्याच्या कुटासकट, ताटभर. उपवासाला कॅलरी नसतात. सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले की बसस्टँडजवळच्या गाड्यावर उभे राहून भजे खातात. ओळखीचं कुणी दिसलंच तर म्हणतात, “तेल किती वेळा तापवायलेत, ते बघायलो.” हे बघणं दोन प्लेटा चालतं. दसऱ्याच्या प्रदर्शनात रामलीला मैदानावर तर असली पाहणी रोज रात्री होते.

चेष्टा केली तरी माणूस मुळात चुकलेला नाही. घरोघरी शुगरच्या गोळ्या आल्यात, पोरं संध्याकाळी मैद्याशिवाय काही मागत नाहीत आणि म्हातारपणी का होईना एक पुरुष ओट्याशी उभा राहिला, हे या भागात थोडं नव्हे. चुकतं एवढंच की जे मोबाईलवर दिसत नाही ते त्यांना पौष्टिक वाटत नाही. संध्याकाळी सहा वाजता, गुरुजींचा प्रयोग फसला की काकू मुरमुरे भिजवून पिळतात, कांदा-मिरचीची फोडणी देतात, वर डाळ्याचं कूट आणि कोथिंबीर टाकतात. सुशीला तयार. दहा मिनिटं, चमचाभर तेल, एक कढई. गुरुजी दोन बशा खातात आणि उद्याच्या मोमोचा व्हिडिओ लावतात.

तेव्हा स्वस्त, हलकं आणि झटपट काही खायचं असेल तर या घरी जरूर जा. गुरुजींना व्हिडिओ बघत बसू द्या आणि काकूंना सुशीला टाकायला सांगा. मिरच्या दोनच घाला म्हणावं, त्यांचा हात जरा सढळ आहे.