क्रिएटिनचे पंथभेद : बिडकीन परिसराच्या संदर्भात

आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या सहकार्याने, मानवी शरीरात रोज, विनामूल्य आणि कोणत्याही जाहिरातीशिवाय तयार होणाऱ्या नत्रयुक्त संयुगास क्रिएटिन असे म्हणतात. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगी ते सुमारे 120 ग्रॅम असते, त्यातील 95 टक्के स्नायूंत साठवलेले असते, आणि रोज जे सुमारे 2 ग्रॅम खर्ची पडते त्याची भरपाई मांसाहार करणाऱ्यांच्या बाबतीत निम्मी शरीर आणि निम्मी ताट करते. इतकी सुरळीत व्यवस्था असताना, डब्यांतून विकत मिळणाऱ्या क्रिएटिनच्या रूपांवरून एकाच व्यायामशाळेत मोनोहायड्रेटवाले आणि हायड्रोक्लोराइडवाले असे दोन तट पडावेत, त्यांनी एकमेकांच्या डब्यांकडे कुत्सितपणे पाहावे आणि एका बाकावर बसून शेकर हलवण्याचेही टाळावे, ही घटना अद्वैत-द्वैताच्या वादापेक्षा कमी गंभीर मानण्याचे कारण नाही. किंबहुना त्या वादात दरमहा एवढा खर्च होत नसे.

प्रस्तुत विवेचनासाठी बिडकीन हे गाव निवडण्यास सबळ कारण आहे. पैठण तालुक्यातील हे गाव छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस, पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याच्या आसपास कापूस, बाजरी, तूर आणि मोसंबी यांच्यावर संसार चालत आले, आणि आता तेथेच 7,855 एकरांचे औद्योगिक क्षेत्र उभे राहत असून त्याचे लोकार्पण 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले. परिणामी येथील तरुणाच्या एका हातात सातबाऱ्याची नक्कल आणि दुसऱ्या हातात कंपनीचा गेटपास असतो. शेतात जे कष्ट नको नको म्हणत फुकट करावे लागत, तेच कष्ट तो पाळी संपल्यावर महिन्याची फी भरून लोखंडावर करतो. मात्र त्याच्यापाशी शहरातील व्यायामपटूंना दुर्लभ असे एक शास्त्रीय संस्कारधन आहे, ते म्हणजे खताच्या गोणीवरचे आकडे वाचण्याची उपजत सवय. तिचा उपयोग पुढे येईल.

त्यापूर्वी इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्ह्रल याने 1832 साली मांसाच्या अर्कातून हा पदार्थ वेगळा काढला. हा गृहस्थ एकूण 102 वर्षे जगला, परंतु त्याचा क्रिएटिनशी संबंध जोडण्याची संधी विक्रेत्यांनी अद्याप घेतलेली नाही. 1847 च्या सुमारास जर्मनीच्या युस्टुस लीबिग याने असे नोंदवले की शिकारीत धावून धावून मारल्या गेलेल्या कोल्ह्याच्या मांसात पिंजऱ्यातील कोल्ह्यापेक्षा दहापट क्रिएटिन असते. व्यायामशाळेत जाणारा आणि ओट्यावर बसून राहणारा यांच्यातील फरकाचे हे पहिले शास्त्रीय निरूपण होय, जरी त्यात व्यायाम करणाऱ्याचा शेवट फारसा आशादायक नसला तरी. 1927 साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह काम करणारे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेले क्रिएटिन, उजेडात आणण्यात मोठा वाटा उचलला. ज्या देशाने या शोधाला हातभार लावला, त्याच देशात त्याची डबी ‘इम्पोर्टेड’ म्हटल्याशिवाय खपत नाही, हे सुब्बारावांच्या हयातीत घडले नाही एवढेच समाधान.

या पदार्थाचे कार्य असे की स्नायू आकुंचन पावताना एटीपी नावाचा ऊर्जा पुरवणारा रेणू आपला एक फॉस्फेट गमावून बसतो, आणि फॉस्फोक्रिएटिन आपल्याजवळचा फॉस्फेट देऊन त्याला पुन्हा कामाला लावते. परंतु हा साठा पूर्ण जोराच्या दहाएक सेकंदांच्या कामापुरताच असतो. त्यामुळे जड वजन उचलणारा, कबड्डीत चढाई करणारा किंवा कुस्तीत पट काढणारा यांना त्याचा लाभ संभवतो, तर नाथषष्ठीला पायी पैठण गाठणाऱ्या वारकऱ्यास जवळजवळ नाही. शंकरपटात काही सेकंदांत धाव संपवणारा बैल या दृष्टीने आदर्श ग्राहक ठरला असता. परंतु तो पूर्ण शाकाहारी असूनही आपले क्रिएटिन आपणच बनवतो आणि कोणाचेही रील पाहत नाही.

बाहेरून घेतलेल्या क्रिएटिनाने स्नायूंतील साठा वाढतो हे रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवले, त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याचा बोलबाला झाला, आणि मग जे अपरिहार्य होते ते घडले. हॅरिस यांनी वापरले होते ते साधे मोनोहायड्रेट, म्हणजे क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू असलेली पांढरी, बेचव, किंचित कचकचणारी भुकटी. ती स्वस्त होती, ती उपयोगी पडत होती, आणि ती कोणीही विकू शकत होता; व्यापाराच्या दृष्टीने एखाद्या मालात एकत्र नांदू नयेत असे हे तीन दुर्गुण होत. त्यावर उपाय म्हणून नवनवी रूपे अवतरली, आणि प्रत्येक रूपासोबत त्याने दूर करावयाची एक अडचणही जन्माला आली, जी तोवर कोणाला ठाऊक नव्हती.

येथे गोणीशास्त्र कामी येते. युरियाच्या गोणीवर 46 टक्के नत्र लिहिलेले असते, डीएपीच्या गोणीवर 18:46 असते, आणि बिडकीनचा शेतकरी गोणीवरच्या डोलणाऱ्या कणसाच्या चित्राकडे ढुंकूनही न पाहता आकड्याला किमतीने ताडून पाहतो. हाच न्याय डबीला लावला असता असे दिसते की मोनोहायड्रेटमध्ये वजनाच्या सुमारे 88 टक्के प्रत्यक्ष क्रिएटिन असते, हायड्रोक्लोराइडमध्ये 78, ट्रायक्रिएटिन मॅलेटमध्ये 75, नायट्रेटमध्ये 67 आणि सायट्रेटमध्ये जेमतेम 40; उरलेला भाग पाण्याचा किंवा त्या त्या आम्लाचा, ज्याचे पैसे क्रिएटिनच्या भावाने मोजावे लागतात. पाण्याचा रेणू काढून टाकलेले निर्जल रूप शंभर टक्के भरते, हे खरे. परंतु ते पाण्यात पडताच पुन्हा सामान्य क्रिएटिन होते, तेव्हा बारा टक्क्यांच्या बचतीसाठी वेगळी डबी घ्यावी की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. जो गृहस्थ डीएपीच्या दरात दहा रुपयांचा फरक पडला तर दोन कृषी सेवा केंद्रे पालथी घालतो, त्याचाच चिरंजीव 40 टक्क्यांचा माल ‘फास्ट अ‍ॅक्शन’ या दोन शब्दांवर उचलतो, हा संस्कारलोप नोंदवण्याजोगा आहे. गोणीचा दाखला अगदीच ओढूनताणून आणलेला नाही, कारण कारखान्यात क्रिएटिन बनते ते सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांपासून, आणि सायनामाइड ज्या कॅल्शियम सायनामाइडपासून काढतात ते मुळात शेतात टाकायचे नत्रखत आहे. जर्मनीतील ट्रोस्टबेर्ग येथील एक प्रसिद्ध कारखाना खत आणि क्रिएटिन हे दोन्ही बनवतो.

हायड्रोक्लोराइडवाल्यांचे म्हणणे असे की त्यांचे रूप पाण्यात चटकन विरघळते, म्हणून ते कमी घेतले तरी चालते. यातील पूर्वार्ध निर्विवाद आहे. मोनोहायड्रेट 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 14 ग्रॅमच विरघळते, त्यामुळे 5 ग्रॅमला तांब्याभर पाणी लागते आणि घाई केली तर तळाशी गाळ बसतो, जो शेवटच्या घोटाला वाळूसारखा दातांखाली येतो. परंतु 50 अंशांना हेच प्रमाण 34 ग्रॅमवर जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातील गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारे पाणी ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना विद्राव्यतेची चिंता वाहण्याचे कारण उरत नाही. उत्तरार्धाची गोष्ट निराळी. विरघळणे आणि शोषले जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि मोनोहायड्रेटचे शोषण आधीच जवळजवळ पूर्ण होत असल्यामुळे त्यात सुधारणा करण्यास जागाच शिल्लक नाही. दीड ग्रॅम हायड्रोक्लोराइडातून सव्वा ग्रॅमही क्रिएटिन मिळत नाही, 5 ग्रॅम मोनोहायड्रेटातून 4.4 ग्रॅम मिळते, आणि ही वजाबाकी करण्यास कॅल्क्युलेटरही लागत नाही. गाळ नकोसा वाटणाऱ्याने चमचा फिरवावा, असा उपाय कोणत्याही डबीवर छापलेला आढळत नाही.

इथिल एस्टरची कथा याहून करुण आहे. क्रिएटिनला अल्कोहोलकुळातील एक शेपूट जोडले की ते स्नायूत सहज शिरेल अशी ही कल्पना होती, आणि कागदावर ती देखणी दिसत असे. प्रत्यक्षात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की ते स्नायूत क्रिएटिन वाढवण्यात मोनोहायड्रेटच्या मागे पडते आणि रक्तात मात्र क्रिएटिनिन वाढवते. क्रिएटिनिन म्हणजे वापरून झालेल्या क्रिएटिनचे टाकाऊ रूप, जे शरीर लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे ग्राहकाने महाग डबी घेऊन जे मिळवले, ते त्याचे शरीर रोज सकाळी फुकट फेकून देत होते.

‘बफर्ड’ म्हणजे अल्कधर्मी केलेल्या रूपाचा दावा असा की जठरातील आम्ल साध्या क्रिएटिनचा नाश करते आणि हे रूप त्यातून वाचते. जठरात असा नाश होतच नाही म्हणण्याइतका अल्प होतो, आणि 2012 साली 36 व्यायामपटूंवर 28 दिवस केलेल्या तुलनेत या रूपाने मोनोहायड्रेटवर काहीही मात केली नाही. पायरुव्हेट, मॅग्नेशियम कीलेट इत्यादी उरलेल्या शाखांचा विस्तार येथे करीत नाही, कारण त्यांचे अनुयायी संख्येने अल्प आणि स्वभावाने मवाळ आहेत. ‘मायक्रोनाइज्ड’ हा वेगळा पंथच नव्हे. ते मोनोहायड्रेटच, केवळ बारीक दळलेले.

द्रवरूप क्रिएटिनाबद्दल मात्र दोन शब्द आवश्यक आहेत. क्रिएटिन पाण्यात, विशेषतः आंबट पाण्यात, पडून राहिले की हळूहळू क्रिएटिनिन होते. 25 अंशांना तीन दिवसांत, 3.5 इतक्या सामूच्या (पीएच) द्रावणात, सुमारे 21 टक्के निकामी होते. तेव्हा पैठणच्या मोसंबीच्या रसात पावडर घालून लगेच पिणाऱ्याचे काही बिघडत नाही, परंतु बाटलीबंद होऊन गोदामात, ट्रकमध्ये आणि दुकानाच्या काचेआड उन्हात महिनोन्महिने मुरलेल्या द्रवाविषयी फार आशा बाळगू नये.

पैठण हे नाथांचे गाव असल्याने या पट्ट्यात माळकरी घरे पुष्कळ आहेत, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या तरुणापुढे असा पेच पडतो की जो पदार्थ मांसात सापडला तो घ्यावा कसा. वर सांगितलेली कारखान्याची रीत पाहता भुकटी निखळ शाकाहारी ठरते, आणि शाकाहारी माणसाच्या स्नायूंतील साठा मुळात कमी असल्यामुळे त्यालाच तिचा गुण अधिक येण्याचा संभव असतो, ही वार्ता माळकऱ्यांच्या पथ्यावर पडणारी आहे. अडचण येते ती कॅप्सूलमध्ये, कारण तिचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचे असू शकते. तेव्हा हिरवे चिन्ह पाहूनच ती घ्यावी. आत धर्म आणि बाहेर अधर्म अशी रचना एरवी माणसांत उलट क्रमाने आढळते.

विक्रीच्या पद्धतीतही खताचा वारसा टिकून आहे. हंगामात युरिया मागितला की त्यासोबत नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारण्याची जी ‘लिंकिंग’ नावाची प्रथा शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे, तिचे सौम्य रूप येथेही दिसते. गिऱ्हाईक क्रिएटिन मागते आणि मोठ्या आवाजात सल्ला मिळतो, “दादा, नुसतं क्रिएटिन कामून घेता, सोबत मास गेनर घ्या, मग बघा फरक.” फरक पडतो, तो पहिल्या आठवड्यात तराजूवर दिसतो आणि त्याचे श्रेय दोन्ही डबे घेतात. वस्तुतः दिवसाला 20 ग्रॅम असे पाच-सहा दिवस घेण्याच्या, म्हणजे ‘लोडिंग’च्या, पद्धतीत स्नायूंत पाणी धरले गेल्याने वजन किलो-दोन किलोने वाढते. एरिक हुल्टमन यांनी 1996 साली दाखवल्याप्रमाणे रोज केवळ 3 ग्रॅम घेतले तरी 28 दिवसांत स्नायूंतील साठा तेवढाच भरतो. परंतु लग्नसराई तीन आठवड्यांवर आलेल्या माणसास हा निष्कर्ष पटवून देणे कठीण असते.

घरातील मुख्य आक्षेप मूत्रपिंडाविषयी असतो. “त्या पावडरीनं किडन्या जातेत,” असे चुलते एकदा बोलले की आजी देवापुढे बसते आणि चिरंजीवांची रवानगी तपासणीला होते. रक्तातील क्रिएटिनिन हे मूत्रपिंडाच्या कामाचे मोजमाप असल्यामुळे, आणि क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात ते मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडे चढू शकत असल्यामुळे, अहवालात तो आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि चुलत्यांचा घरातील मान वर्षभरासाठी वाढतो. निरोगी माणसात सांगितलेल्या मात्रेने मूत्रपिंडास इजा होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. ज्याला मुळातच मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडू नये, आणि जो घेतो त्याने रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांस सांगावे. हे सांगणे बहुतेकांना जमत नाही, कारण डॉक्टरांच्या खोलीत चुलतेही हजर असतात.

राहता राहिला गृहिणींचा दृष्टिकोन, जो या विषयावरील शास्त्रीय वाङ्मयात अन्यायाने उपेक्षिला गेला आहे. त्यांच्या लेखी रूपांची तुलना विद्राव्यतेवर वा टक्केवारीवर होत नसून रिकाम्या डब्याच्या तोंडाच्या रुंदीवर होते, आणि या कसोटीवर क्रिएटिनचे सर्व पंथ सारखेच नापास ठरतात: मोनोहायड्रेटच्या डबीत फार तर मोहरी मावते, हायड्रोक्लोराइडच्या डबीत हिंग, आणि पाउचमध्ये आलेले तर कशाच्याच कामाचे नसते. मास गेनरचा डबा मात्र रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा आणि पाच शेर तूरडाळ बिनबोभाट सामावून घेणारा असतो, आणि लिंकिंगविरुद्ध बिडकीनच्या घराघरांतून आजवर एकही तक्रार का उठली नाही याचे स्पष्टीकरण तेथे शोधावे लागते.