बैलजोडी, झाडू आणि सेल्फी

महाराष्ट्रात बातमी कुठेही घडो, तिच्यावरची प्रतिक्रिया बघायची तर लातूरला यावं, नाहीतर नांदेडला. मांजरा आटते, गोदावरी फुगते, सोयाबीनचा भाव पडतो. प्रतिक्रियेचं पीक मात्र बारमाही. त्याला पाऊस लागत नाही, विमा लागत नाही, आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाटही बघावी लागत नाही.

सामान्य माणसाची प्रतिक्रिया सकाळीच स्टेटसला लागते. "लैच झालं बगा हे," असं टपरीवर बोलून झालं की तीच ओळ मोबाइलवर, पुढे रडकी तोंडं दोन. माणूस संघटनेबिंघटनेतला असला तर दुपारपर्यंत निवेदन तयार होतं. निवेदनाचा मजकूर झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात आधीपासून असतो, विषय तेवढा बदलायचा. 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील' या शेवटच्या वाक्याला कुणी हात लावत नाही. मग तहसील. नायब तहसीलदार खुर्चीतून अर्धे उठलेले, त्यांच्या आणि शिष्टमंडळाच्या मध्ये एक कागद, आणि त्या एका कागदाला नऊ जणांची बोटं लागलेली. ज्याचं बोट पोचत नाही तो पुढच्याचं कोपर धरतो. कागदाकडे कुणी बघत नाही, साहेबांकडे तर नाहीच, सगळे कॅमेऱ्याकडे. फोटो निघाला की साहेब बसतात, आवकचा शिक्का पडतो, मंडळी चहाला जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात नऊही नावं येतात. मागणी काय होती, ते जागेअभावी राहून जातं.

यावर वरच्या मंडळींनी हसू नये. त्यांचीही शाळा हीच. फोटोच्या चौकटीत मावेल तेवढं काम करायचं आणि चौकटीबाहेरचं पुढच्या बातमीवर सोडायचं, ही रीत मुंबईपासून मुखेडपर्यंत एकच आहे. पुरावे दोन्ही जिल्ह्यांत पोत्यांनी पडलेत.

२०१६चा उन्हाळा घ्या. लातूर शहराचं पाणी संपलं. मार्चमध्ये प्रशासनाने पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती कलम १४४ लावलं. दंगलीत वापरायचं कलम नळाच्या राखणीला आलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पोचली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर. पुढे वाघिणी ५० झाल्या, एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं आणि ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. रेल्वेने खरोखर काम केलं, हे कबूल करावंच लागेल. पण प्रतिक्रियेची गाडी रेल्वेच्याही पुढे धावत होती. भाजपच्या कार्यकर्त्यांनी पाण्याच्या वाघिणींवर श्रेयाची पोस्टरं डकवली. घशाला कोरड पडलेल्या माणसाने आधी पोस्टर वाचायचं, मग घागर लावायची.

त्याच आठवड्यात तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे दुष्काळाची पाहणी करायला औसा तालुक्यातल्या बेलकुंडला हेलिकॉप्टरने उतरले. धूळ उडू नये म्हणून हेलिपॅडवर सुमारे १० हजार लिटर पाणी मारलं गेलं. पाणी पिण्याचं नव्हतं आणि हेलिकॉप्टरच्या सुरक्षेसाठी ते लागतंच, असा खुलासा आला. खुलासा खोटा म्हणायचं कारण नाही. दुष्काळ बघायला आलेल्यांना दुष्काळ डोळ्यात जाऊ नये, ही काळजी घ्यावीच लागते.

पाठोपाठ तेव्हाच्या जलसंधारणमंत्री पंकजा मुंडे मांजरा नदीच्या पात्रात आल्या आणि सई बंधाऱ्याच्या चरापाशी सेल्फी काढून त्यांनी ती ट्विटरवर टाकली. टीका झाल्यावर त्या म्हणाल्या, कोरड्या नदीतल्या चराला पाणी लागलेलं बघून दिलासा वाटला. वाटलाही असेल. तो दिलासा घागरीत कसा भरायचा, एवढंच ट्विटमध्ये सांगायचं राहिलं. मे महिन्यात रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे ४ कोटी रुपयांचं बिल धाडलं. बोंब झाल्यावर रेल्वेचा खुलासा आला, की बिल जिल्हा प्रशासनानेच मागवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. पाण्यापाठोपाठ ऊसही पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच रुबाबात उभा राहिला. त्याच्यासोबत सेल्फी काढायला कुणी आलं नाही.

नांदेडची गोष्ट हसण्याची नाही, म्हणून ती थोडक्यात. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३च्या दरम्यान चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. दोन दिवसांत आकडा ३१वर गेला. पाचशे खाटांच्या रुग्णालयात दुपटीहून जास्त रुग्ण होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. हिंगोली, परभणी, यवतमाळ, शिवाय तेलंगणाच्या सीमेवरची गावं, एवढ्या मुलखाचा भार या एका दवाखान्यावर. औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे नेण्याचा घोळ त्या वर्षी राज्यभर चालूच होता. म्हणजे प्रश्न खाटांचा, औषधांचा, परिचारिकांचा आणि खरेदीच्या फायलींचा.

यावर लोकप्रतिनिधींची प्रतिक्रिया काय यावी? ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले. शौचालय घाण दिसलं. त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यांसमोर ते साफ करायला लावलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मराठवाड्यात आजवर फक्त बोलली जात होती. त्या दिवशी ती चालत्या बोलत्या रूपात दिसली. अधिष्ठाते आदिवासी समाजातले. खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, मंत्र्यांचे दौरे झाले. लोकांच्या मोबाइलमध्ये मात्र उरला तो झाडू. बाळं का गेली, या प्रश्नाचा व्हिडिओ नव्हता. पुढच्या लोकसभेला पाटलांचं जाहीर झालेलं तिकीट कापलं गेलं आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ते राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. सभागृह ज्येष्ठांचं आहे. तिथे झाडायला माणसं असतात.

आता गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं. जुलै २०२५च्या सुरुवातीला अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला. बैल नाही, ट्रॅक्टरचं भाडं झेपत नाही, म्हणून म्हाताऱ्याने स्वतःला औताला जुंपून घेतलं होतं. मागून औत धरायला म्हातारी. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकलेला. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं, आणि मग मदतीची रीघ लागली. अभिनेता सोनू सूद म्हणाला, नंबर पाठवा, बैल पाठवतो. एका शेतकरी संघटनेने बैलजोडी आणून बांधली. अहमदपूरचे आमदार आणि राज्याचे सहकारमंत्री बाबासाहेब पाटील यांनी या शेतकऱ्याचं सोसायटीचं साडेबेचाळीस हजारांचं कर्ज भरून टाकलं.

चांगलंच केलं. या म्हाताऱ्या जोडप्याला मिळालेल्या एका रुपयाबद्दलही तक्रार नाही. पण ज्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही, त्यांनी काय करायचं? त्याच शिवारात औत ओढणारा दुसरा गडी असेल तर त्याने आधी चांगला कॅमेरावाला बघावा, असा सल्ला आता द्यावा लागेल. सहकार खातं ज्यांच्या हाती, त्यांनी सोसायटीचं एक खातं नील केलं. उरलेल्या खात्यांचं काय, याचं उत्तर ऑक्टोबरमध्ये मिळालं. चोपड्याच्या कार्यक्रमात याच मंत्र्यांनी लोकांना कर्जमाफीचा नाद लागल्याचं सांगून टाकलं. गदारोळ झाल्यावर दिलगिरीही आली. म्हणजे एकाची कर्जमाफी ही माणुसकी आणि सगळ्यांची कर्जमाफी हा नाद. यातली सीमारेषा लाखभर लोकांनी बघितलेल्या व्हिडिओजवळून जाते.

त्याच जुलैची दुसरी गोष्ट तर थेट लातूरच्या पत्रकार परिषदेतली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ विरोधी आमदार रोहित पवारांनी २० जुलैला टाकला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाट्यांचं म्हणणं. त्याच दिवशी कोकाट्यांच्याच पक्षाचे, म्हणजे अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे लातुरात होते. छावा संघटनेचे कार्यकर्ते निवेदन घेऊन आले आणि त्यांनी टेबलावर पत्ते फेकले. आपल्याकडच्या निवेदनांच्या इतिहासात मागणी जागेअभावी राहून गेली नाही, असा हा दुर्मिळ प्रसंग. थोड्याच वेळात या कार्यकर्त्यांना बेदम मारहाण झाली. मारहाणीचा आरोप असलेले पक्षाच्या युवक शाखेचे प्रदेशाध्यक्ष सूरज चव्हाण यांचा दुसऱ्या दिवशी राजीनामा घेतला गेला. कडक कारवाई म्हणतात ती हीच. ऑगस्टमध्ये, म्हणजे महिनाही पुरता उलटायच्या आत, त्यांना पक्षाचं प्रदेश सरचिटणीसपद मिळालं.

आणि रमीचं? जुलै संपता संपता कोकाट्यांकडून कृषी खातं काढलं आणि क्रीडा खातं दिलं. शेतकऱ्याला यातून काय मिळालं, तर मंत्री नवा मिळाला. आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी गेला, आणि बंबवाल्याला वर बढती.

इथवर ज्या प्रतिक्रिया आल्या त्या निदान घटनेनंतर आल्या. नांदेडने याच्याही पुढची मजल मारून दाखवलेली आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. मतदान १३ ऑक्टोबरला. त्याआधीच्या दिवसांत वेगवेगळ्या मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाचं कौतुक करणारा मजकूर आला. कौतुक होणं नवलाचं नाही; पण प्रतिस्पर्धी दैनिकांत तोच मजकूर शब्दाला शब्द जुळत होता. नोव्हेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून हे प्रकरण बाहेर काढलं. निवडणूक खर्चाच्या हिशोबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबलवर ६,००० रुपये दाखवलेले होते. एवढ्या पैशात आज भोकरला लग्नाचं बरं फ्लेक्सही होणार नाही.

पैसे देऊन काही छापलं नाही, असं उमेदवाराचं आणि वृत्तपत्रांचं म्हणणं होतं. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला खर्चाची चौकशी करता येते असं सांगितलं, जुलैत आयोगाने नोटीस दिली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याने विषय तिथे मिटला. पत्रकारितेच्या वर्गात मात्र तो अजून शिकवतात, कारण मतदाराला नेता कसा वाटतो हे मतदाराने ठरवण्याआधी छापून तयार होतं. तयार प्रतिक्रियेचाही कधीकधी घोळ होतो म्हणा. १३ फेब्रुवारी २०२४ला हेच चव्हाण भाजपमध्ये आले आणि बोलण्याच्या ओघात मुंबई भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष आशिष शेलार यांना मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून गेले. सगळे हसले, तेही हसले. पक्ष एका दिवसात बदलतो, जिभेला वेळ लागतो.

मग वाचकाने करायचं काय? स्टेटस ठेवू नये, निवेदन देऊ नये, असं इथे कुणी म्हणत नाही. कागदाला बोट लावायची हौस असेल तर तीही भागवावी. फक्त दहा रुपयांची एक वही घ्यावी. ज्या दिवशी नेत्याची प्रतिक्रिया छापून येईल, त्या दिवशीचं कात्रण त्यात चिकटवावं आणि वर तारीख घालावी. वर्षाने ते पान उघडावं, आणि नेता गावात आला की फोटोला उभं राहण्याआधी तेच त्याच्यापुढे धरावं. पत्ते फेकण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि मार बसण्याची शक्यताही कमी.

पहिल्या पानासाठी नोंदी हाताशी आहेतच. अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज, जाहीर झालं ७ ऑक्टोबर २०२५ला. कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६पर्यंत, मुख्यमंत्र्यांनी सांगितलं ३० ऑक्टोबर २०२५ला. दोन्ही ओळींपुढे एकेक रकाना मोकळा ठेवावा. तो भरायला पेपर बघू नये. बँकेचं पासबुक आणि सातबाऱ्यावरचा बोजा बघावा.