सक्षमीकरणाचा हंगाम

मोरोक्कोत एसाविराच्या आसपास अर्गनचं तेल काढणाऱ्या बायकांना 'सक्षम' करायला युरोपातून स्वयंसेवक येतात, तेही पदरचे पैसे भरून. हौसेने दोन दगडांमध्ये बी फोडायला बसतात; बी शाबूत, अंगठा काळानिळा. शेजारची आजी न बघता खटाखट फोडत असते. तिची मजुरी ठरते ती निघालेल्या गराच्या किलोवर. लिटरभर तेलाला साधारण ३० किलो फळं लागतात, आणि परदेशी दुकानात ते थेंबाथेंबाने विकलं जातं. २०१४ मध्ये युनेस्कोने हे कसब अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. किलोचा दर ठरवायला युनेस्को थोडीच बसते! दर वाढवून मागायची वेळ आली की स्वयंसेवक भिंत रंगवण्यात गर्क असतात. जाताना प्रमाणपत्र मात्र त्यांनाच मिळतं: महिलांना रोजगारक्षम केल्याबद्दल.