अर्ज कसा करावा? : दिव्यांग नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या (रॅम्प नाही)

चोपड्यात राहता, पदवी आहे, दिव्यांग आहात आणि नोकरी हवी आहे? अभिनंदन! चारपैकी तीन गोष्टी जमल्या. चौथीसाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्यांऐवजी रॅम्प देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

पायरी १ : टक्का कमवा
पोलिओने पाय गेला हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असलं, तरी संगणकाला नसतं. त्याला यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं आणि आरक्षणासाठी त्यावर किमान ४० टक्के. ३९ भरले, तर तुम्ही ठणठणीत, पेढे वाटा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केलेत, आपला कोणता ते शोधून ठेवा.

पायरी २ : जळगाव गाठा
तपासणीला सिव्हिलला बोलावलं, तर एसटी धरा. चोपड्याला रेल्वे नाही. भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, गाडीच्या पायरीच्या उंचीत नाही. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घ्या. खिडकीवर मागतील तो कागद घरीच राहिलेला असेल.

पायरी ३ : जाहिरात वाचा
ओएल म्हणजे एक पाय, ओए म्हणजे एक हात, एलव्ही म्हणजे अल्पदृष्टी. पदासमोर तुमची अक्षरं नसतील, तर ते काम तुम्हाला येत नाही असं तुम्हाला न विचारता ठरलेलं आहे. आरक्षण ४ टक्के. दृष्टिबाधित, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग गटाला एकेक टक्का. उरलेल्या एकात स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, बहुविकलांगता असे सगळे. लग्नसराईतली चोपडा-जळगाव गाडीच ती.

पायरी ४ : लेखनिक शोधा
हाताने लिहिता येत नसेल, तर लेखनिक मिळतो आणि तासाला २० मिनिटं जादा. केंद्राच्या २०१८च्या नियमाप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक तुमच्यापेक्षा एक पायरी तरी कमी शिकलेला लागत असे. म्हणजे शिक्षण वेळेत सोडलेला, पण परीक्षेला वेळेत येणारा मित्र आधीच जोडून ठेवावा लागे. थट्टा बाजूला : जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प दिव्यांगांची स्पर्धा परीक्षेची निवासी तयारी करून घेतो. तिथे चौकशी जरूर करा.

पायरी ५ : मुलाखत द्या
‘हे कधीपासून?’, ‘घरी कोण कोण असतं?’, ‘झेपेल का भाऊ?’ हे तीन प्रश्न पाठ करा. कामाबद्दलचा चौथा प्रश्न आलाच तर दचकू नका. आजाराची कहाणी एका वाक्यात संपवा. काम करायला काय लागेल, स्क्रीन रीडर की तळमजल्यावरचं टेबल, ते दुसऱ्या वाक्यात सांगा. तिसऱ्या वाक्यात म्हणा, ‘संगणक दाखवा, करून दाखवतो.’

पायरी ६ : नकार लेखी मागा
मूळ जळगाव जिल्ह्यातल्या कुटुंबातल्या प्रांजल पाटील २०१६ साली लागलेल्या यूपीएससीच्या निकालात ७७३व्या आल्या. पूर्ण अंधत्वाचं कारण पुढे करून रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं नाही. पुढच्या परीक्षेत त्या १२४व्या आल्या आणि आयएएस झाल्या. टाळ्या वाजवा, पण हा धडा गिरवू नका. एकदा पास झालेल्या माणसाने दुसऱ्यांदा पास होऊन दाखवावं, असा नियम कुठेही नाही. उलट त्याच २०१६च्या कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनेला नोकरीत असा भेदभाव करायला मनाई करतं. तोंडी नकाराला जावक क्रमांक नसतो, म्हणून नम्रपणे म्हणा, ‘साहेब, एवढं कागदावर द्या, पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे पाठवायचंय.’ हे ऐकल्यावर साहेबांना जागा शिल्लक असल्याचं आठवण्याची शक्यता बरीच वाढते.